खात्री, टक्क्यांत

तार्तूत नोव्हेंबरात साडेतीनलाच अंधार पडतो
आणि यंत्र वाचायला बसतं.
खरं तर ते कधी उठतच नाही.

रात्रभर वाचून त्यानं जे ठरवलं
त्यावर सकाळी मी म्हणायचं: बरोबर, किंवा चूक.
चाळीस वर्षं ग्रंथालयात कार्डं लावली, त्यातलंच काम.
फक्त आता कार्डं स्वतःच स्वतःला लिहितात
आणि मला विचारतात, मी खरं ना?

राय हे धान्य आहे. ९९ टक्के.
पर्च हा मासा आहे. ९८.
सोमवार हा आजार आहे. ७१.
तावेट इतका हसला की कॉफी कीबोर्डवर सांडली.
यंत्राचा काय दोष? लोकच लिहितात,
सोमवारनं डोकं उठलं, सोमवारवर औषध नाही.
चूक, असं दाबलं मी.
दाबताना जरा वाईटच वाटलं.

एमायॉगी ही आई आहे. ८३.
आमच्या नदीचं नावच तसं, आई-नदी.
पुढचा रकाना: कोणाची?
रिकामा.
खिडकीतून पाहिलं. काठाला बर्फ धरत होतं,
दुधावर साय धरते तसं पातळ,
आणि पुलावरून कुणी पंक्चर सायकल ढकलत चाललं होतं.
मी 'नंतर' दाबलं.

एकदा उलट मीच विचारलं: पिहलाओया?
उत्तर आलं: पुरावा नाही. असं गाव नसावं. ८८.

सात घरं. एक विहीर.
रस्त्याकडेला दुधाचे कॅन ठेवायचा लाकडी कट्टा,
त्याच कट्ट्यावर मी वाचायला शिकले,
कॅनवर लाल रंगानं लिहिलेला आमच्या घराचा आकडा: चार.
हे कुणी कुठं लिहिलं नव्हतं,
आणि जे लिहिलंच नाही ते वाचणाऱ्याला दिसणार कुठून?
कळत होतं सगळं.
तरी ते ८८ जिव्हारी लागले.

त्या रात्री बसून पानभर लिहिलं.
घरं, विहीर, कट्टा, चार.
शेवटच्या ओळीत, का कोण जाणे,
विहिरीपाशी एक घंटा टांगली,
धुक्यात वाट चुकलेल्यांसाठी वाजवायची.
घंटा नव्हती.
मला ती हवी होती, इतकंच.

सकाळी:
पिहलाओया हे गाव आहे. ५२.
पिहलाओयात घंटा होती. ५२.

सात घरं आणि एक थाप, एकाच तराजूत, काटा मध्यावर.
'चूक'वर बोट गेलं होतं माझं.
तेवढ्यात तावेटनं विचारलं, साखर किती,
आणि मी पुढचं कार्ड घेतलं.

मग भटक्यांच्या कुठल्याशा नकाशात घंटा आली.
एका पोराच्या शाळेच्या निबंधात आली.
फेब्रुवारीत ७९.
मार्चमध्ये कॅनडातून कुणी लेम्बे लिहिते,
"माझी पणजी साल्मे त्या घंटेचा आवाज
मरेपर्यंत विसरली नाही."
९६.

साल्मे तिसऱ्या घरातली.
तिच्याशी बोलायचं तर खांद्यावर थोपटून
आधी आपल्याकडं वळवावं लागे.
दोन्ही कानांनी ठार बहिरी होती बाई.

यंत्र आता विचारतं, घंटा कोण वाजवायचं?
रकाना रिकामा आहे, अजून.

चूक म्हणायला मी एकटीच उरले आहे
आणि आमच्या नियमात आठवण पुरावा धरत नाहीत;
नियम मीच लिहिला होता, पहिल्या आठवड्यात.

रात्री दिवा मालवून स्वतःलाच विचारते,
खरंच नव्हती?
नव्हती.
किती खात्री?

नव्वद,
असं म्हणते मी, आणि कूस बदलते.
त्याचे सहा जास्त भरतात.